करगोट्याखालची दोन बोटं

आये, आपली चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला, त्यालाही बरीच वर्षं झाली. तुझी चूल होती तिथे आता गाड्या लावतात. मी वर राहते, बाराव्या मजल्यावर. आज तुला लिहायचं कारण माझी कंबर. हसू नकोस.

तुझं मोजमाप मला पाठ आहे. चाळीत कुणाकडे मूल झालं की त्याच्या कमरेला काळा करगोटा बांधायला तुलाच बोलवायचे. पुढे तू येता-जाता त्या दोऱ्याखाली बोटं सरकवून बघायचीस. दोन बोटं सहज आत गेली की पोराच्या आईचा उद्धार. दोरा रुतायला लागला की खूश. स्वतःच कात्री आणून कापायचीस, नवा बांधायचीस, वर गूळ वाटायचीस. माझ्या थोरल्याच्या वेळी बोटं आत गेली, तेव्हा आपल्या घरच्या खाणावळीत जेवायला बसलेल्या गिरणीच्या बाप्यांसमोर मला झापलंस, "पोराक उपाशी मारतंस काय गो? दूद खंय जाता तुजा?" मी मान खाली घालून भाकऱ्या थापतेय, बाप्ये ताटावरून टकामका बघताहेत. असा राग आला होता तुझा! पण संध्याकाळी तूच नाचणीची पेज घेऊन आलीस. पोरासाठी नाही, माझ्यासाठी.

तुझ्या कमरेला मात्र कुणी बोट लावून बघितलं नाही. सगळ्यांना वाढून झालं की उरलेला भात तू टोपातच कालवून खायचीस. हातपाय काड्या, आणि पोट असं की नऊवारीच्या निऱ्या खोचायला जागा नाही. वजनाच्या काट्यावर तू कधी भारी भरली नाहीस. शेजारणी म्हणायच्या, "अंग चांगलं भरलंय हो तुमचं." आम्हीही तेच धरून चाललो. मग एका सकाळी स्टोव्हला पंप मारता मारता कलंडलीस. माझ्या आजच्या वयापेक्षा कितीतरी लहान होतीस.

गेल्या रविवारी नात टेप घेऊन आली. टॉवरच्या खालच्या हॉलमध्ये डॉक्टर आले होते. त्यांनी सांगितलं म्हणे, पोटाच्या आत साठलेली चरबी वजनात कळत नाही, कमरेवर कळते, आणि तीच पुढे साखर नि हृदयाचं दुखणं आणते. मी टेप हिसकावला. जन्मभर लोकांचे परकर शिवलेत, मला कोण शिकवणार? नाडी बांधतो तिथे लावला.

"चौतीस. बघ."

"आजी, तिथे नाही. पोट नाडीच्या वर लोंबतंय, ते कोण मोजणार, शेजारीण?"

तिने शेवटची बरगडी चाचपली, कमरेचं हाड चाचपलं आणि दोघांच्या मधोमध टेप फिरवला. "श्वास सोड. पोट आत ओढू नकोस."

"कुठे ओढलंय?"

"आजी!"

सोडला. साडेअडतीस निघाले. बाईची कंबर ऐंशी सेंटीमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत असावी म्हणतात. मी म्हटलं, "कुठल्या बाईची? तुझ्या त्या टीव्हीतल्या?" ती हसली नाही. म्हणाली, "पणजी कशाने गेली गं?" मी उठले आणि कुकर लावला.

उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचंय, मग डॉक्टर. आजवर काहीबाही सांगून टाळलं. मरायला भीत नाही मी. पण तुझं जे आम्ही कौतुकाने बघत बसलो, तेच माझ्यात निघालं तर? मग तुलाही कुणीतरी वेळेत टेप लावायला हवा होता, हे रोज आठवत बसावं लागेल.

शेवटच्या वर्षी तू जिन्यात प्रत्येक मजल्यावर थांबून गप्पा मारायचीस. आम्ही म्हणायचो, आयेला बोलायला फार लागतं. हल्ली मी बाजारातून येताना गेटवर वॉचमनशी बोलत उभी राहते, त्याच्या गावी पाऊस झाला का विचारते. त्याच्या गावाशी माझं काय घेणं? दम लागलेला असतो म्हणून उभी असते. नातीला हे सांगितलेलं नाही. हा कागद कुठे पोस्टात टाकायचा नाहीच. उद्या डॉक्टरांसमोर तोंड उघडायचंय, म्हणून आज आधी तुझ्यासमोर उघडून बघितलं.