मातीत उभं राहायची शिकवणी

३ मार्च

चि. धाकटीस अ. आ.

पत्र लिहायची वेळ आली ती एकाच कारणानं. घराच्या विक्रीच्या कागदावर माझी सही जुळली नाही. नोंदणी कचेरीत हात असा थरथरला की कारकुनानं कागद परत केला आणि वर विचारलं, आजी, घरून कुणी जबरदस्ती करतंय का? जन्मभर मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर सह्या केलेल्या मुख्याध्यापिकेला! घर घेणारा शेजारचा गोदामवाला सोबत होता, तो छताकडे बघत राहिला.

डॉक्टर म्हणाले, नसा ठीक आहेत, मन थाऱ्यावर नाही. रोज अनवाणी मातीत उभ्या राहा, झाडापाशी बसा, असा त्यांचा सल्ला. टेलिफोनच्या नोकरीतून तू कानात घंटा घेऊन परत आलीस तेव्हापासून परसात हेच करतेस, आणि मी त्याला खूळ म्हणत आले. अजूनही म्हणते. पण खुळाचा उपयोग होत असेल तर शिकून घ्यावं. कसं करतेस ते मुद्देसूद लिही. फापटपसारा नको.

मी काही लपवत नाही. कागद तुझ्याच डोक्यावरच्या छपराचा आहे. शेवटी बाबांच्या उशाशी तू बसलीस, पण घर त्यांनी माझ्या नावावर केलं. भरवसा कुणावर होता ते त्यात आलं. तुझी सोय वृद्धनिवासात केली आहे. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. स्वच्छ आहे.

लोभ आहे, काटकसरीनं वापर.

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचलं, परसात जाऊन उभी राहिले, मग पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा हसू आलं. बोकडाकडूनच सुरीला धार लावून घ्यावी, तशातली गत झाली. तरी शिकवते. का, ते शेवटी सांगते.

सकाळी चहाच्या आधी मी तुतीखाली जाते. नळाचं पाणी सांडून तिथली माती ओलसर असते. आधी टाच टेकायची, मग चवडा, मग करंगळी. करंगळी महालबाड, ती अधांतरीच राहते. श्वास आपसूक येतो, त्याच्या वाटेला जायचं नाही. सोडताना मात्र सावकाश, गरम चहावर फुंकर घालावी तसा सोडायचा. मग कानावर जे येईल त्याचं मनात नाव घ्यायचं आणि ते सोडून द्यायचं. चिमणी. बादली. गोदामातला ट्रक. ट्रकवर चिडायचं नाही. शेवटी खोडावर हात ठेवायचा आणि झाडाकडे काही मागायचं नाही. हेच तुला जड जाईल.

आता का ते. मातीत मनापासून उभं राहिलेलं माणूस निष्ठुर राहत नाही, असं मला वाटतं. पैज म्हण हवं तर. तुझा हात थांबेल, पण तेव्हा तुला सही करवणार नाही. हे परस सुटलं तर मी पुन्हा त्या घंटांमध्ये अडकेन, ताई, आणि या खेपेला बाहेर यायची नाही. म्हणून तर इतकं बारकाईनं लिहिलं.

लोभ पातळ झाला असेल तर त्यात आणखी पाणी न घालता तसाच पाठव.

तुझी धाकटी

२७ मार्च

चि. धाकटीस अ. आ.

पैज मंजूर.

बागेत जाते. माळ्यानं 'गवतावर चालू नये'ची पाटी दाखवून हाकललं. मी त्यालाच समोर उभं केलं आणि बाग चालण्यासाठी असते की पाटी लावण्यासाठी, असं विचारलं. आता तो मला बघून दुसरीकडे पाणी घालायला जातो. करंगळीचं तू लिहिलंस ते खरं आहे. झाडाकडे न मागणं मला मुळीच जड गेलं नाही. मी मागत नाही, घेते, हे तुला ठाऊक असायला हवं होतं.

चहा आता बशीत सांडत नाही. पण पेन धरलं की बोटं नाचू लागतात. बागेतल्या मातीचा गुण येत नाही म्हणायचा. सोमवारी तुझ्याकडे येते. स्वयंपाकाचा घाट घालू नकोस, आणि रडारड आधीच उरकून ठेव.

लोभाची चौकशी वारंवार करू नये.

तुझी ताई

२ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

सोमवारपासून घरभर नुसती फिरतेय. तू लुगडं वर खोचून चिखलात उतरलीस तेव्हा मला लहानपणची तू आठवलीस, डबक्यात मला पुढे ढकलून खोली बघणारी. आधी तुझा जबडा दगडासारखा होता. मग खांदे उतरले. मग तू माझं बोट धरलंस, ताई. तुझ्या लक्षात तरी आलं का? बाबा गेले तेव्हाही धरलं नव्हतंस.

पाय न धुताच निघालीस. मला उत्तर मिळालं. कुंपणाशी काकडीच्या बिया टोचल्या आहेत. वेलाला काठ्या बांधायला ये. मला रागावायला का होईना, पण ये.

लोभ होता तसाच आहे, हे सोमवारी कळलं.

तुझी धाकटी

५ एप्रिल

चि. धाकटीस अ. आ.

पैज तू हरलीस. तुझ्याकडून निघाले ती थेट नोंदणी कचेरीत गेले. गोदामवाल्याला तिथेच थांबवून ठेवलं होतं. पायाचा चिखल कारकुनाच्या फरशीवर उमटला, पण सही अशी आली की त्यानं दोनदा वाखाणली.

तुला समजावं म्हणून सांगते. तुतीखाली डोळे मिटले तेव्हा चिमणी ऐकली, ट्रक ऐकला. मग शेजारी तुझा श्वास ऐकू आला. मनात नाव घेतलं, धाकटी. आणि तू शिकवलंस तसं सोडून दिलं. आत कुठे काही हललं नाही. इतके दिवस हात तुझ्यापायीच थरथरत होता, हे मला तेव्हा कळलं. उत्तम शिकवतेस. शाळेत असतीस तर मी तुला कायम केलं असतं.

वीस तारखेला गाडी घेऊन येते. काकडीला काठ्या बांधू नकोस.

लोभ आवरता घे.

तुझी ताई

२१ एप्रिल

चि. धाकटीस अ. आ.

काल तू तोंड उघडलं नाहीस, म्हणून लेखी पाठवते. नोंदीची नक्कल आहे, जपून ठेव. माझी प्रकृती उत्तम, झोप शांत लागते.

गोदामवाल्यास दिलं : पुढच्या व मागच्या दाराच्या किल्ल्या, रिकामं घर, परस. परसात दुपारीच खडी पसरली.

वृद्धनिवासाच्या व्यवस्थापिकेस दिलं : ट्रंक, वळकटी, धाकटी बहीण. बहीण बोलत नाही, दोन्ही कान हातांनी झाकून बसते. अनवाणी आहे. चपला पिशवीत घालून वेगळ्या दिल्या. पोच घेतली.