कॅबिनेटवरचा फोटो

मुलुंड पूर्व,
९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

चि. प्रांजल यास,

आईचा आशीर्वाद. तू बरा असशील. बंगळुरात थंडी पडली का? माझं ठीक आहे, वाचनालयापर्यंत रोज जाऊन येते. फोनवर तू "लवकर बोल" म्हणतोस आणि नेमकं बोलायचं ते राहून जातं, म्हणून लिहिते आहे.

आधी कामाचं. तुझा मित्र विकी काल कॉम्प्युटर न्यायला आला होता. "काकी, प्रांजल बोलला, उचल." मी म्हटलं, "तो बोलला असेल. मी नाही बोलले. चहा घे." चहा पिऊन रिकाम्या हाताने गेला. त्याच्यावर रागावू नकोस.

तू म्हणालास, कॉम्प्युटर तसाही सारखा बंद पडतो, ठेवून करणार काय? आता पडत नाही.

दिवाळीच्या आधीपासून त्याचं सुरू होतं. लावला की थोड्या वेळाने आतला पंखा गिरणीसारखा घुमायचा आणि पडदा काळा व्हायचा. मी बाजूचं झाकण काढून टेबल फॅन लावून पाहिला. तुझ्या खोक्यातली इंग्रजी माहितीपुस्तिका शब्दकोश घेऊन वाचली. सातवी शिकलेल्या तुझ्या आईला आता ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय ते विचार. पडद्यावर जे दिसतं ते काढायचं काम ते करतं आणि त्या कामानेच तापतं. फार तापलं की जळून जाऊ नये म्हणून मशीन आपणच बंद होतं. एवढं समजलं. इतकं का तापतं, ते कळेना.

शेवटी वरच्या मजल्यावरच्या ऋतिकाला बोलावलं. ती घरी बसून लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ जोडते, तिच्याकडे असंच मशीन आहे. ती दारातच थांबली.

"मावशी, हे काय केलंय? ह्याची समाधी बांधलीत तुम्ही."

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर टॉवेलची घडी, तिच्यावर भिंतीला टेकवलेला बाबांचा फोटो, पुढे निरांजन, उदबत्ती. तेराव्याला तू घाईत निघालास, फोटो टांगायचा राहिला. तिथे टेकवला तो तिथेच. ऋतिका म्हणाली, गरम हवा वरच्या जाळीतून बाहेर पडते, ती जाळीच मी बुजवली होती. वर उदबत्तीची राख आणि निरांजनाची काजळी पंख्याने आत ओढलेली.

तिने कार्ड बाहेर काढलं. त्याच्या पंख्याच्या पात्यांवर राखेचा तेलकट थर होता. चिपवर उष्णता ओढून घ्यायला जी पेस्ट लावतात ती पापडासारखी सुकली होती. "मऊ ब्रश आहे का?" तिने विचारलं. मी बाबांचा दाढीचा ब्रश दिला. तिने तो हातात धरून माझ्याकडे पाहिलं.

"दुसरा नाही?"

"हाच मऊ आहे. घे."

तिने सगळं साफ करून नवी पेस्ट लावली. पडद्याच्या कोपऱ्यात तापमान दिसतं, ते नव्वदच्या वर जायचं. आता सत्तरच्या आत असतं. जाताना ती म्हणाली, "पण मावशी, तुम्ही तर ह्याच्यावर भजनं ऐकता ना? भजनांनी कार्ड एवढं तापत नाही हो."

मी तिला काही सांगितलं नाही. तुला सांगते.

दिवसभर गेम चालू असतो. तुझाच, ट्रकचा.

तू बंगळुरला गेलास त्यानंतर बाबा बरेच दिवस त्या टेबलाजवळ फिरकले नाहीत. डबोच म्हणायचे कॉम्प्युटरला. "पोरान सगळो पगार डब्यात घातल्यान," हे तर तू ऐकलंयस, त्याच्यावरूनच तुमचं वाजलं. मग एकदा मी बाजारातून आले तर हे तिथे बसलेले. आयुष्यभर टेम्पो चालवलेला माणूस, गुडघ्यांमुळे जिना उतरता येत नव्हता, तो तुझा ट्रक चालवत होता. सिग्नलला थांबत, वळताना इंडिकेटर देत. मला हसू आलं. म्हटलं, जरा जोरात घ्या की, इथे कोण पकडतंय?

म्हणाले, "झिलाची गाडी ती. जपान चालवक व्हयी." तुझी गाडी म्हणून एवढं जपून. आणि मग, "त्येका सांगा नको. हसात माका."

मी नाही सांगितलं. तुझा फोन आला की ते गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन ऐकत बसायचे. "बोलता का?" म्हणून मी खूण केली की मान हलवून नको म्हणायचे. तेही मी तुला सांगितलं नाही.

शेवटची गाडी त्यांनी एका पेट्रोल पंपाबाहेर, झाडाखाली लावली. अजून तिथेच आहे. ड्रायव्हरचं नाव तुझंच आहे, त्यांनी बदललं नाही. मी सकाळी ती सुरू करते आणि इंजिनाचा आवाज ऐकत पोळ्या लाटते. चालवत नाही. पण गाडी नुसती उभी असली तरी कार्डाला ते झाड, तो रस्ता सारखा काढत बसावं लागतं.

आणखी एक. खालच्या हवेने बाबांच्या फोटोची काच कोमट व्हायची. फूल वाहताना हात लागला की बरं वाटायचं. कॉम्प्युटर तापून बंद पडतोय हे दिसत होतं, तरी टॉवेल हलवून बघावा असं माझ्या मनात आलं नाही. किंवा आलं असेल.

आता तो चांगला चालतो. फोटो पलंगावर ठेवलाय, त्यांच्या बाजूला. गार असतो.

पुढच्या महिन्यात वर्ष होतं. भटजींचं, नैवेद्याचं मी बघते. भिंत काँक्रीटची आहे, खिळा साधा जात नाही. ऋतिका म्हणाली, ड्रिल आणते, दोन मिनिटांत लावू. मी नको म्हटलं. ते तुझं काम आहे.

तू ये आणि फोटो लाव. मग ती गाडी तिथून पुढे ने, नाहीतर सगळं विकीला देऊन टाक. मी अडवणार नाही.

तोवर आम्ही दोघं थांबलोय.

तुझी
आई