वाघळं आणि डाळिंबं

ब्रह्मपुरी, ४ नोव्हेंबर २०२४

श्री. धनराजभाऊ यांस,
विहीण इंदिराबाईचा स. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेले मासे पोचले. काटे फार होते, पण व्याह्यांनी प्रेमानं पाठवलेलं टाकवेना. फोनवर तुम्ही नुसतं हो हो करता, म्हणून लिहूनच कळवते.

रुपालीनं लग्नात आणलेल्या त्या दोन लाल चिनी फुलदाण्या मी देव्हाऱ्याशेजारी मांडल्या होत्या. नक्षी बारीक, कधी निरखून पाहिली नव्हती. परवा माझी नणंद शकुबाई चष्मा लावून बसली आणि तिनं विचारलं की काऊन वो वहिनी, देवाजवळ वाघळं कशाले ठेवली? पाहते तर खरंच, एकेकीवर पाच पाच वटवाघळं! मग सगळा उलगडा झाला. सुनेची कूस दुसऱ्यांदा रिकामी झाली ती उगाच नाही. मी आपली पोरीलाच बोल लावत होते, तिचं ताटही वेगळं केलं होतं. आता पुन्हा पंगतीत घेतलं आहे. तुम्ही येऊन ती पीडा घेऊन जा, म्हणजे ती सुखानं नांदेल.

लोभ आहेच, तो वाढवावा.
इंदिराबाई


मुलचेरा, ९ नोव्हेंबर २०२४

आदरणीय विहीणबाईंस,
धनराजचा सा. न.

धान कापणी चालू आहे, तरी लगेच लिहायला बसलो. तुमचं पत्र वाचून मन दुखलं. त्या फुलदाण्या इथल्या बंगाली वस्तीतल्या डॉक्टरबाबूंच्या. त्यांच्या आजोबांनी कलकत्त्यात एका चिनी माणसाकडून घेतलेल्या. डॉक्टरबाबूंच्या शेवटच्या आजारपणात त्यांचं सगळं मी केलं, म्हणून त्यांनी त्या रुपालीच्या नावानं दिल्या.

त्यांच्यात अशुभ काही नाही. आपल्या बिब्ब्यासारखा चीक असणारं एक झाड असतं, त्या चिकाचे थरावर थर लाकडावर चढवतात आणि वाळले की कोरतात. चिनी लोक वाघळाला सुख मानतात. पाच वाघळं म्हणजे आयुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचार आणि सुखाचं मरण. खाली उललेली डाळिंबं आहेत, ती घरभर लेकरांसाठी. डॉक्टरबाबू सांगत, की ज्या घरात ही जोडी, त्या घरात काही कमी पडत नाही. तुम्ही निर्धास्त राहा.

माझ्या पोरीवर माया असू द्यावी.
आपला, धनराज


ब्रह्मपुरी, ९ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
रुपालीचा शि. सा. न.

फोन सासूबाईंच्या उशाशी असतो, म्हणून शेजारच्या धुरपताकाकूंच्या हातून ही चिठ्ठी टाकते आहे. बाबा, डॉक्टरबाबूंच्या फुलदाण्यांवर तुमचा जीव आहे, मला ठाऊक आहे. माझाही आहे. पण तुम्ही या आणि त्या घेऊन जा. मुकाट्यानं न्या. हवं तर तळ्यात टाका. त्या शुभ आहेत असं चुकूनही सासूबाईंना सांगू नका. वाघळं सापडल्यापासून त्या माझ्याशी बोलतात, काल तर केसांना तेल लावून दिलं. मला इथंच राहायचं आहे बाबा. यांच्यावाचून मला करमत नाही.

तब्येत सांभाळा. लेकीवर रागावू नका.
रुपाली


ब्रह्मपुरी, १८ नोव्हेंबर २०२४

श्री. धनराजभाऊ यांस,
इंदिराबाईचा स. न. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. किती छान लिहिता हो तुम्ही! सगळं पटलं. फुलदाण्या पुसून पुन्हा देव्हाऱ्याशेजारी मांडल्या, वाघळांना हळदकुंकू वाहिलं.

मात्र मग विचार आलाच. घरात एवढं सुख, एवढी डाळिंबं, आणि तरी पाळणा रिकामा. मग खोट कुठं आहे ते तुम्हीच आम्हाला दाखवून दिलंत. निकेशला वाचून दाखवलं. तो उठून अंगणात गेला, पण माझा मुलगा मला कळतो. रुपालीनं माझे पाय धरले, म्हणाली की आई, वाघळं अशुभच आहेत, बाबांना त्यातलं काय समजतं. जन्मदात्याला खोटं पाडते! मला तुमच्यासाठी फार वाईट वाटलं.

गुरुवारी जीप घेऊन या आणि तिला न्या. कपडे मी बांधून ठेवले आहेत. पुढचं वकील पाहील. मूल गावच्या एका मुलीकडची मंडळी रविवारी येणार आहेत. फुलदाण्या मात्र इथंच राहू द्या, नव्या सुनेला त्यांचा गुण येईल.

तुमच्याबद्दल मनात काही नाही. ताजे मासे मिळाले तर आणावेत.
इंदिराबाई