मशीनच्या आधी बोर्ड

प्रिय ठिणगी,

पत्र बघून हसू नकोस. फोन करायचा तर तो दिवसभर तुझ्या बाबांच्या खिशात असतो, शाळेच्या व्हॅनमधल्या मुलांच्या आयांचे फोन त्यावरच येतात. परवा मी केला तेव्हा त्यांनीच उचलला. मी घाईघाईने राँग नंबर म्हणालो, तर ते म्हणाले राँग कसला, आवाज पंपावरचाच आहे, बोला. मी ठेवून दिला. आणि तसंही फोनवर मी तापतो, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? तूच म्हणाली होतीस, जे बोलायचं ते आधी कागदावर काढ, राग सगळा सांडू दे, मग तळाला जे उरेल तेवढंच पाठव. सकाळपासून तेच करतोय. चार कागद फाडले. राग केव्हाच सांडून गेला आणि तळाला नुसता गोंधळ उरलाय. तोच पाठवतोय, दुसरं काही नाही माझ्याकडे.

आत्ता दुपार आहे, पेट्रोल पंपावर शुकशुकाट. ऑइलच्या डब्यांवर बसून, मांडीवर पुठ्ठा घेऊन लिहितोय. मधेच एखादी गाडी येते, मी उठतो, "झिरो बघा" म्हणतो, भरतो, परत येतो, आणि तेवढ्यात आधीच्या वाक्यात काय म्हणायचं होतं तेच विसरतो. तेव्हा सांधे नीट जुळले नसतील तर सांभाळून घे.

पेट्रोल-डिझेलचा भाव उतरल्यापासून लोक माझ्याशी फार गोड वागतात. हे मला झेपत नाहीये. गेलं वर्षभर सगळ्यांची पक्की समजूत होती की आकडा मीच ठरवतो. सकाळी शिडीवर चढून बोर्डावरचे आकडे मी बदलायचो ना, मग काय, खाली उभे असलेले लोक माझ्याकडे असे बघायचे की मी त्यांच्या घरातली भांडी उचलून चाललोय. निवृत्त मास्तर स्कूटरवर येऊन रोज तेच विचारायचे, काय अर्थमंत्री, आज काय ठरवलंत? दूधवाला तर नोझल टाकीत जाईपर्यंत माझ्या सात पिढ्यांपर्यंत पोचलेला असायचा. मी पण ऐकून घेणाऱ्यातला नाही. एकदा एकाला म्हणालो, एवढं वाटतं तर सायकल घ्या, पोटही जरा उतरेल. त्यावरून कॅशियरकाकांनी मला दोन दिवस हवा भरायला बसवलं होतं. आता तेच मास्तर पाठीवर थाप मारतात. आकडा मी चढवला नव्हता आणि मी उतरवलाही नाही, पण हे कोणाला समजावू?

खरं सांगू का, मलाच नीट समजलेलं नाही. मालकांना विचारलं तर म्हणतात आपल्या हाताला काय लागतं, सगळं तेल कंपनीकडे जातं. कंपनीचा माणूस माल तपासायला आला तेव्हा त्याला विचारलं, तो म्हणाला अर्ध्याहून जास्त तर कर आहे, सरकारला विचारा. सरकार टीव्हीवर म्हणतं या करातूनच रस्ते होतात. आणि आपल्या पंपासमोरच्या रस्त्यात एवढा खड्डा आहे की नुकतीच टाकी भरलेला माणूस त्यात आदळतो आणि मला शिव्या देत पुढे जातो. या सगळ्यात चिडायचं कोणावर? मला तर चिडल्याशिवाय करमत नाही.

कॉलेजही यावरूनच सुटलं. तू तेव्हा तोंडी परीक्षेच्या रांगेत माझ्या मागे उभी होतीस, दाराबाहेर, पण आत काय झालं ते मी तुला कधी धड सांगितलं नाही. सरांनी विचारलं, इंधनावर सरकार एवढा कर का लावतं? मी म्हणालो, कारण लोक कितीही बोंबलले तरी भरायचं थांबवू शकत नाहीत. सर म्हणाले, उत्तर बरोबर आहे, जरा सभ्य शब्दांत सांग. बरोबर आहे म्हणाले, ठिणगी. त्याचाच मला राग आला. बरोबर आहे तर तुम्ही एवढे शांत कसे, असं मी विचारलं, ओळखपत्र टेबलावर टाकलं आणि बाहेर आलो. तू विचारलंस अवघड होती का रे, आणि मी सरळ जिना उतरून गेलो. वर्गातल्यांनी मला भडका नाव ठेवलं ते काही उगाच नाही. आई अजून अधूनमधून म्हणते, अरे, तेवढं सभ्य शब्दांत सांगितलं असतंस तर काय जीभ झिजली असती का.

मग मी पंपाचा निळा शर्ट चढवला आणि तू महिन्याभराने बाबांची स्कूटर घेऊन आलीस. मला वाटलं ओळख दाखवणार नाहीस. तू हेल्मेट काढून म्हणालीस की थोडंच भर, म्हणजे परत लवकर यावं लागेल. ते बाबांच्या काटकसरीमुळे म्हणालीस की माझ्यासाठी, हे मी अजून विचारलेलं नाही. विचारणारही नाही, मला जे वाटतं तेच असू दे. पंपावर ठिणगी चालत नाही, भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, पण तू वळणावरून येताना दिसलीस की मी दुसऱ्याच्या हातातलं नोझल काढून घेतो हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. कॅशियरकाका तर मुद्दाम ओरडतात, तीन नंबरवर आपलं खास गिऱ्हाईक आलंय बघ.

आणि मग तो दिवस आला, तू स्कूटर स्टँडवर लावून नुसतीच उभी राहिलीस. म्हणालीस, बाबा व्हॅन विकतायत. डिझेल परवडत नाही, भाडं वाढवलं तर आया मुलांना चालत पाठवतात, गॅरेजवाल्याने किंमत सांगितलीय. व्हॅन गेली की इथे राहून करायचं काय, म्हणून तुझ्या काकांकडे जायचं, त्यांच्या दुकानात बाबा बसतील, तुझं नाव तिकडच्या कॉलेजात घालतील. तू हे सगळं एका दमात बोललीस आणि मग विचारलंस, आज भाव किती आहे? मी तुझ्यामागे, डोक्यावर असलेल्या बोर्डाकडे बघितलं. तोपर्यंत तो आकडा माझ्यासाठी नुसता आकडा होता. त्या दिवसापासून तू राहणार की जाणार हेच त्यावर लिहिलेलं दिसायला लागलं. रोज सकाळी मी एकेका पायरीवर थांबत शिडी चढायचो, आणि मालकांना वाटायचं मी जेवत नाही.

म्हणून बाबांच्या व्हॅनवाल्यांच्या संघटनेने आमच्याच पंपासमोर धरणं धरलं तेव्हा मी नोकरीला असून तुमच्यात होतो. मालक कपाळाला हात लावायचे. म्हणायचे, हा आपला माणूस आहे की त्यांचा? मी घोषणांना मान डोलवत गाड्या भरत होतो. तू टेम्पोवर उभी राहून बोललीस, आवाज बसेपर्यंत बोललीस. मी खालून पाण्याची बाटली दिली तर बाबांनी ती आधी उघडून वास घेतला. पंपावरचं पाणी म्हणून.

त्या संध्याकाळचं मात्र सांगायलाच हवं. तुला वाटतं तुला माहीत आहे, पण अर्धंच माहीत आहे.

टीव्हीवर बातमी आली की कर कमी केला, नवे भाव उद्या सकाळपासून. मागोमाग कॅशियरकाकांच्या मोबाईलवर कंपनीचे आकडेही आले. आमच्याकडे याचा एक क्रम ठरलेला आहे. आधी जमिनीखालच्या टाकीत काठी घालून किती माल आहे ते बघायचं, मग मशीनवरचा भाव बदलायचा, आणि बोर्ड सगळ्यात शेवटी. नवीन पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवतात, कारण बोर्डावर जे लिहिलंय त्या भावाने मागायचा गिऱ्हाइकाला हक्क असतो. मला हे झोपेत विचारलं तरी सांगता येईल. पण त्या वेळी गर्दीच्या कडेला गॅरेजवाला उभा होता. तू टेम्पोवर होतीस, तुला दिसला नसेल. बाबांच्या खांद्यावर हात टाकून तो काहीतरी समजावत होता, आणि बाबा होकारार्थी मान हलवत होते. बातमीवर त्यांचा विश्वासच बसत नव्हता, टीव्ही काय रोजच काहीतरी सांगतो. मला वाटलं, आता हे हो म्हणाले की संपलं. मी शिडी उचलली आणि उद्याचा आकडा आजच लावला.

पुढे काय जल्लोष झाला तो तू बघितलास. बाबांनी मला मिठी मारली. एवढी घट्ट की माझी टोपी पडली. आणि सगळ्यांसमोर त्यांनी गॅरेजवाल्याला सांगून टाकलं की व्हॅन विकायची नाही, जा. माझं काम झालं होतं, ठिणगी. मी खाली उभा राहून तुझ्याकडे बघत होतो आणि तू हसत होतीस. मग गाड्यांची रांग लागली, सगळ्यात पुढे बाबांचीच व्हॅन. मशीनवर जुना भाव. बाबांनी बोर्ड बघितला, मशीन बघितलं, मला बघितलं. ज्या हातांनी मिठी मारली त्याच हातांनी कॉलर धरली. मागून आवाज यायला लागले, चोर आहेत सगळे, बोर्डावर एक आणि मशीनवर एक. मघाशी टाळ्या वाजवणारेच होते सगळे. तू मधे पडलीस, बाबांना बाजूला केलंस आणि मला एवढंच विचारलंस, "तुला क्रम माहीत नव्हता, की माहीत असून चढलास?"

माहीत असून चढलो. लोकांसाठी नाही, तुझ्यासाठी. हे तेव्हा सगळ्यांसमोर म्हटलं असतं तर बाबांनी कॉलरवरचा हात गळ्यावर नेला असता.

मालक ओरडतच येतील असं मला वाटलं होतं. त्यांनी बोर्डाकडे बघितलं, खुर्ची मागवली, बसले आणि काकांना सांगितलं, बोर्डावर आहे त्या भावाने द्या सगळ्यांना. पंपाची टाकी त्याच दुपारी भरलेली होती, जुन्या करासकट विकत घेतलेली. ते किती बुडाले मला विचारू नकोस, त्यांनी मला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी शर्ट घडी करून त्यांच्या टेबलावर ठेवला. ते म्हणाले, "घाल तो. तुला काढलं तर शिडीवर कोण चढणार, हा गुडघेदुखीवाला?" काका बाजूलाच उभे होते. मला शिव्या दिल्या असत्या तर मी नीट भांडलो असतो. असं वागल्यावर माणसाने करायचं काय? धरण्यात मी ज्यांच्या बाजूने होतो त्यांनी माझी कॉलर धरली, आणि ज्यांच्याविरुद्ध घोषणा ऐकताना मान डोलवली त्यांनी मला ठेवून घेतलं. कोणाच्या बाजूला उभं राहायचं ते मला खरंच कळेनासं झालंय.

काल तू आलीस आणि हसत सांगितलंस की गॅरेजवाला उद्या संध्याकाळी शेवटचं विचारायला येतोय, त्यानंतर तो दुसऱ्याची गाडी घेणार. आणि बाबा त्याला चहा पाजून परत पाठवणार आहेत. कालचं उद्या म्हणजे आज. आज सकाळी मालकांनी मला आत बोलावलं. कंपनीचा मेसेज आलाय. कर उतरला तेवढी जागा रिकामी झाली, आणि त्या जागेवर आता कंपनी स्वतःचा भाव वाढवून बसतेय. उद्या सकाळी आकडा जवळजवळ होता तिथेच. गर्दी होईल म्हणून बाहेर बोलायचं नाही, असं मालकांनी बजावलंय. मला सांगितलं कारण चढायचं मलाच आहे. म्हणजे आज मी गप्प बसलो तर बाबा त्याला नाही म्हणतील आणि तू राहशील. फक्त उद्या त्यांच्याकडे न परवडणारी व्हॅन असेल, ती घ्यायला गिऱ्हाईक नसेल, आणि तुला तेवढंही माहीत नसेल की मला आदल्या दिवशीच कळलं होतं. दोनदा मी हे पत्र खिशात घालून विसरायचं ठरवलं. नाही जमलं. काका जेवायला घरी जाताना तुझ्या गल्लीवरून जातात, त्यांच्याच हाती देतोय. गॅरेजवाला यायच्या आत बाबांना सांग. इतर कोणाला सांगू नकोस असं मालकांसाठी म्हणायला हवं, पण दूधवाल्याची टाकीही आजच भरली तर बरं असंही वाटतं, तेव्हा ते तुझं तू ठरव. बाबांनी विचारलं तर माझं नाव घेऊ नको. नाही, घे. आणि जायचं ठरलं तर निघण्याआधी स्कूटर घेऊन एकदा ये, या वेळी टाकी पूर्ण भरून देतो.

तुझाच, एवढं एकच नक्की,
भडका