स्वस्तातलं गोडेतेल

सांगली, ८ जुलै १९४४

ती. सौ. आईच्या पायांवर विनूचे डोके.

आम्ही खुशाल आहोत. बाळीचे जुलाबही आता थांबले आहेत.

लढाईमुळे महागाई फार, म्हणून चार दुकानांत भाव विचारूनच मी सामान घेते. गोडेतेल पेठेच्या टोकाला सर्वांत स्वस्त मिळे. काल त्या दुकानदाराने माझ्यासमोर तेलाच्या डब्यातून मेलेला उंदीर शेपटीला धरून काढला, अन् त्याच हाताने माप भरू लागला.

"वहिनी, कढवलं की सगळं शुद्ध," म्हणाला.

दोन महिने बाळीच्या पोटात तेच तेल गेलं गं. मी बाटली मागे ओढली. मागच्या बाईला मी उंदीर दाखवला. तिने पदर नाकाला लावला आणि बाटली पुढे केली. "एक आणा अजून कमी करा, मग नेते."

तू तेल कुठून आणतेस? कळव.

तुझी विनोदिनी