दाराला बाहेरून कुलूप

मी, खाली सही करणारा, वय चौऱ्याहत्तर, शिक्षण सहावीपर्यंत, धंदा कुलूपदुरुस्ती आणि किल्ल्या बनवणे, हे शेवटचे म्हणणे माझ्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. अक्षर हलते ते आजारपणामुळे. मला कोणी धाक घातलेला नाही. भीती आहे, पण ती घरचीच आहे. याआधी मी तीन मृत्युपत्रे लिहून फाडली. ती रद्द समजावीत. एखाद्याचा तुकडा कुठे सापडला तर तोही रद्द.

कलम १. माझी बायको सहा वर्षांपूर्वी गेली. मागे मुलगा एकच, वय अडतीस. त्याला बोलता येत नाही, रस्ता ओलांडता येत नाही, गरम-गार कळत नाही. ऐकू मात्र सगळे येते. हे वाक्य दोनदा वाचावे, कारण लोक त्याच्यासमोर वाटेल ते बोलतात.

कलम २. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि बँकेतली शिल्लक मुलाची. तो असेपर्यंत खोल्या विकू नयेत. खिडकीजवळची खाट हलवू नये. एकदा रंगकामासाठी हलवली, तर तो चार दिवस जेवला नाही.

कलम ३. जिन्याखालचे दुकान बंद करावे. कानशी, हातोड्या, पकडी आणि कोऱ्या किल्ल्यांचा डबा समोरच्या सायकलवाल्याला द्यावा. तीन कानशी त्याने आधीच नेल्या आहेत, त्या धरून.

कलम ४. माझ्या धाकट्या भावाला काळी छत्री द्यावी. ती त्याचीच आहे आणि तो दर भेटीत तिची आठवण काढतो. मुलाला भेटायला तो एकोणीस वर्षांत दोनदा आला. दुसऱ्यांदा म्हणाला, "दादा, याला कुठेतरी ठेवून दे आणि मोकळा हो." मुलगा शेजारीच बसला होता. बाकी भावाला काही नाही. राग म्हणून नाही. थोडा राग म्हणूनही.

कलम ५. निळी वही. तिच्यात सत्तावीस पत्ते आहेत. माझ्यामागे मुलाचे कोण करील हे विचारत मी सहा वर्षे दुपारची दुकानदारी बुडवून फिरलो. एक संस्था अठरा वर्षांखालच्यांची निघाली. एक फक्त अंधांची. एकीकडे स्वतःच्या हाताने जेवणारेच घेतात. तिथे मी अर्जात "जेवतो" असे खोटे लिहिले. त्यांनी परीक्षेला ताट पुढे ठेवले आणि त्याने माझ्याकडे बघून तोंड उघडले. परतताना मी त्याच्यावर ओरडलो. ते मला माफ होऊ नये.

एका ठिकाणच्या बाईंशी फोनवर बोललो ते जसेच्या तसे लिहितो.

"आई-वडील आहेत ना?"

"आई नाही. मी आहे."

"मग काका, तुमचा नंबर नंतर."

"नंतर म्हणजे कधी? मी गेल्यावर?"

"हो, तेव्हा अर्ज करा."

"मी?"

त्यांनी कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "नियम असा आहे, काका. मी तरी काय करू?"

ही वही माझ्यासारखा कोणी फिरताना दिसला तर त्याला द्यावी. कुठे जाऊ नये ते त्याला कळेल. एवढी तरी पायपीट वाचेल.

कलम ६. कुलूप. बायको गेल्यावर महिन्याभरात मी दुकानात असताना मुलगा खाली उतरला. सापडला तो मोठ्या रस्त्याच्या मधोमध, कानांवर हात ठेवून उभा. त्याच आठवड्यात मी घराच्या दारासाठी कुलूप बनवले. सात लिव्हर, आतला पत्रा पोलादी, करवत लागणार नाही असा दांडा. माझ्या हातून याहून चांगले काम झाले नाही. किल्ली एकच केली. लोकांना हजारो जोडकिल्ल्या करून दिल्या, स्वतःच्या घराची केली नाही. वाटायचे, दुसरी किल्ली म्हणजे दुसरा दरवाजा. दुपारी त्याला जेवू घालायचे, बाहेरून कुलूप लावायचे आणि वही घेऊन निघायचे.

पलीकडच्या खोलीत शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. त्यांनी एकदा जिन्यात अडवले. "कुलूपकाका, आत माणूस आहे, ट्रंक नाही!"

मी म्हणालो, "तुम्ही तुमचं मशीन सांभाळा."

"मशीन सांभाळतेच मी. ते बंद पडलं तर आत जीव अडकत नाही."

त्यानंतर पाच वर्षे आम्ही बोललो नाही. त्या माझी तक्रार करणार असे धरून मी कडीला तेल घालत असे, म्हणजे आवाज होऊ नये.

कलम ७. हे कलम देण्याघेण्याचे नाही, पण लिहिल्याशिवाय पुढचे कळणार नाही. मागच्या महिन्यात सत्ताविसाव्या पत्त्याच्या फाटकाशी मी पडलो. उजवी बाजू गेली, जीभ गेली; जीभ पंधरा दिवसांनी परत वळू लागली. लोकांनी दवाखान्यात नेले. कपडे काढून पिशवीत भरले, किल्ली त्यांच्यातच. मी नर्सला सांगत होतो, मुलगा कोंडलेला आहे. तोंडातून नुसता आवाज येत होता. ती म्हणत होती, "आजोबा, शांत पडा बघू. सगळं ठीक होईल." मी खाटेवर डावा हात आपटला तर तिने तो धरून ठेवला. मुलगा हात आपटतो तेव्हा मीही त्याचे हात असेच धरून ठेवतो. अडतीस वर्षे धरले.

मुलगा सव्वीस तास आत होता. भिंतीवर डोके आपटल्याचा आवाज शिवणवाल्या बाईंनी ऐकला. त्यांनी सायकलवाल्याला हाक मारली. त्याने हातोडा घातला, करवत घातली. कुलूप हलले नाही. शेवटी दाराची खालची फळी फोडून बाई आत सरपटत गेल्या. गुडघा सोलला. त्यांनी त्याला पाणी पाजले, धुतले, आपल्या खोलीत नेले. कुलूप तसेच्या तसे लटकत होते. चांगल्या कामाची लाज वाटण्याची माझी ही पहिलीच वेळ.

त्याचे कपडे गोळा करताना बाईंना गादीखाली त्याचा डबा सापडला. हाती येईल तो कागद घडी करून तो त्यात ठेवतो. मी कधी उघडून बघितला नव्हता. त्यात दोन चिठ्ठ्या होत्या, एक चार वर्षांपूर्वीची, एक तीन. दोन्हींत मजकूर एकच: "अपंग मुलांच्या पालकांच्या संघटनेतर्फे भेटीस आलो होतो. दाराला कुलूप होते. कृपया कळवावे." खाली पत्ता. आमच्या मागच्या गल्लीतला.

संघटनेला कळवले होते शिवणवाल्या बाईंनीच. माणसे दुपारी आली. बाई तेव्हा कापड आणायला बाजारात जातात. दाराखालून चिठ्ठी सरकवून माणसे गेली आणि त्यांच्या रजिस्टरात "घर बंद" असे लिहिले गेले. पलीकडे मुलगा दाराशी बसून असणार. त्याने चिठ्ठी उचलली, नीट घडी केली आणि जपून ठेवली. त्या वेळी मी दुसऱ्यांच्या दारात उभा होतो.

कलम ८. पालक. माझ्यामागे मुलाचे पालक म्हणून ______________ यांना नेमावे.

ही जागा मी विसरून सोडलेली नाही. मी दवाखान्यातून परतल्यावर चिठ्ठीतल्या पत्त्यावर कळवले, तेव्हा संघटनेच्या सेक्रेटरीबाई घरी आल्या. त्यांची स्वतःची मुलगी पंचेचाळीस वर्षांची आहे. म्हणाल्या, "काका, खोटी आशा दाखवत नाही. आमच्याकडे इमारत नाही, खाटा नाहीत. आम्ही चौदा घरं आहोत. एकमेकांची मुलं ओळखतो, अडीनडीला धावतो, एवढंच."

मी विचारले, "आणि मी गेल्यावर?"

"तोच प्रश्न घेऊन आम्ही चौदाही जण बसलोय."

त्या रडल्या असत्या तर मला बरे वाटले असते. त्यांनी फक्त चहाचा कप विसळून ठेवला. कोर्टात पालक नेमायला अर्ज करू म्हणाल्या, संघटनेतले कोणी नाव देते का बघू म्हणाल्या, सहा महिने तरी लागतील म्हणाल्या. मी सहा महिने जगण्याचा प्रयत्न करीन. हे वचन समजू नये. जागा कोरी असतानाच मी गेलो, तर हे वाचणाऱ्याने कागद मिटण्याआधी तिच्याकडे एकदा बघावे.

कलम ९. जो कोणी त्याचे करील त्याच्यासाठी. आंघोळीचे पाणी स्वतःच्या मनगटावर टाकून बघावे. औषध सकाळी, पावाच्या तुकड्यात दाबून. दाढी करताना आरशासमोर बसवू नये. तो भिंतीशी गेला तर ओढू नये, मध्ये आपला तळहात ठेवावा. लागते, पण तो थांबतो. झोपताना किल्ल्यांचा जुना जुडगा हातात द्यावा. तो एकेक किल्ली मोजल्यासारखी सरकवतो. त्यातली एकही आता कुठे लागत नाही.

कलम १०. संघटनेचा एक नियम आहे: प्रत्येक घराची किल्ली दुसऱ्या दोन घरी असायची. ते सात लिव्हरचे कुलूप सायकलवाल्याने भंगारात टाकावे. कोणाला वापरायला देऊ नये. फळी बदलली आहे, साधे कुलूप घातले आहे. डाव्या हाताने कानस धरून मी दोन जोडकिल्ल्या बनवल्या. आठ दिवस लागले. एक सेक्रेटरीबाईंकडे पोचली. दुसरी शिवणवाल्या बाईंना माझ्या मृत्यूनंतर द्यावी, असे मी इथे लिहीत होतो.

पण अर्ज लिहून देणाऱ्या कारकुनाने सांगितले, मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. कलम ३ मुळे सायकलवाल्याला आज परत पाठवावे लागले. मग मला घोर लागला, किल्ली ही देणगी धरतात का? शिवणवाल्या बाई समोरच बसल्या आहेत, मुलाच्या सदऱ्याचे बटण लावत. त्यांना विचारले.

त्या म्हणाल्या, "कुलूपकाका, मग आत्ताच द्या की. मरायची वाट कशाला बघताय?"

किल्ली दिली. म्हणून ती या मृत्युपत्रात नाही.

वरील सर्व मी वाचले, पुन्हा वाचले, आणि मुलालाही वाचून दाखवले.

ठिकाण: राहते घर, दुसरा मजला. दार लोटलेले.
तारीख: एकवीस, शुक्रवार, दुपार.

सही (डाव्या हाताने): मुलाचा बाप

साक्षीदार १: शेजारीण, शिवणकाम. सही.
साक्षीदार २: कोपऱ्यावरचे औषधवाले. सही.