सात पावलांवरची अक्षरं

रेन, ३ जून १९९८

ती. सोआझिग आत्यास,
सा. न. वि. वि.

तू रागावशील, पण आज मला गोड बोलणं जमणार नाही. एप्रिलमध्ये तू लिहिलंस, की कोरिगान महोत्सवाचा सगळा चेहरामोहरा यंदा नवा हवा. बोधचिन्ह, अक्षरं, पोस्टर, झेंडे, रानातल्या पाट्या, सगळंच. बावीस वर्षं पोस्टरं रंगवून बाबा थकलेत, त्यांनी स्वतःहूनच हात जोडलेत, असंही तूच लिहिलंस. समितीची अध्यक्ष तू, शिवाय त्यांची सख्खी बहीण. मी विश्वास ठेवला. दोन महिने त्या कोरिगानच्या, आपल्या गोष्टींतल्या बुटक्या रानभुताच्या चित्रामागे आहे. त्याचं नाक तर शंभरदा खोडलं असेल.

आणि काल बाबांचा फोन! कागद आणून ठेवलाय म्हणाले, पण समिती यंदा गप्प कशी, सोआझिगला गाठायला हवं. मी हवापाण्याचं काहीतरी बोलून फोन ठेवला. आत्या, त्यांना यातलं काहीच ठाऊक नाही. तू सांग, नाहीतर मी हे काम सोडते.

माया असू दे, पण आधी उत्तर दे.
तुझी अझिलिझ


लानवेन, ७ जून

चि. अझिलिझ हिस,
अ. आ.

खोटं बोलले, कबूल. पण कारण ऐक. गेल्या वर्षीच्या पोस्टरवर दादाने सगळं रान मातकट रंगवलं. शरद ऋतूतलं रान आहे असं सांगून आम्ही वेळ मारून नेली. मग मार्चमध्ये औषधाच्या दुकानाचा हिरवा क्रॉस त्याने चक्क तपकिरी रंगवला, आणि कसा हिरवागार झालाय म्हणून वर कौतुकही करून घेतलं. दुकानदाराने बिचाऱ्याने रविवारी गुपचूप पुन्हा रंग दिला. साऱ्या गावाला कळलंय. डॉक्टरचं नाव काढलं की दादा चार दिवस अबोला धरतो.

आई गेल्यावर माझ्या वेण्या त्याने घातल्या गं. त्याच्या तोंडावर, तुला दिसत नाही, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुझी रेटत असेल तर तू सांग. पण लवकर. तू पाठवलेल्या नमुन्याच्या पाट्या रानात ठोकून झाल्यात, आणि तीस तारखेला छापखान्याकडे सगळं पोचायला हवं.

वेळेवर जेवत जा. आत्यावरचा राग फार दिवस धरू नकोस.
सोआझिग


रेन, १८ जून

ती. आत्यास सा. न.

बाबांना चार पत्रं लिहिली आणि चारही फाडली. शेवटी नुसतं पोस्टर गुंडाळून पाठवलं, सोबत एक ओळही नाही. इतकी भित्री मी! त्याला आठ दिवस झाले. फोन वाजत राहतो, कुणी उचलत नाही. त्यांना पाहिलंस का, एवढंच कळव.

अझिलिझ


लानवेन, २० जून

चि. अझिलिझ हिस अ. आ.

पाहिलं. काल भर बैठकीत दादा आला. तुझं पोस्टर टेबलावर पसरलं आणि विचारलं, हे कुणी केलं. मी म्हटलं, तुझ्या लेकीने. त्यावर म्हणाला, तिचा हात मी ओळखतो. चोरासारखं माझ्या मागून हे काम तिला कुणी दिलं, ते विचारतोय. कुणी मान वर केली नाही. मीही नाही. तो निघून गेला.

आज सकाळी तळ्याकडच्या वाटेवरची पाटी गायब आहे. दादाने उपटली असं लोक बोलतायत, त्याची रंगकामाची खोली बंद आहे, आणि मला रस्त्यात पाहून त्याने तोंड फिरवलं. तू ये गं.

तुझीच, पण कोणत्या तोंडाने म्हणू,
सोआझिग


लानवेन, २१ जून

चि. अझिलिझ,
अ. आ.

पाटी मी उपटली नाही. चार स्क्रू होते, नीट काढून आणली. ती माझ्या टेबलावर आहे.

शुक्रवारी उजेड उतरताना तुझ्या पाट्या बघायला रानात गेलो होतो. तळ्याकडच्या पाटीपासून सात पावलांवर उभा राहिलो. एक अक्षर लागेना. वाटलं, संपलं. दोन वर्षं मला रंग नीट ओळखू येत नाहीत, डब्यांवरची नावं वाचून घेतो आणि तरी कधी डबा चुकतो, हे तुला आता सोआझिगने सांगितलंच असेल. घरी परतलो, तर शेजारची लेनाइक दारात. तिची नजर घारीची. तिला हाताला धरून त्याच जागी उभी केली आणि वाच म्हटलं. तिलाही वाचता येईना! पोरी, त्या संध्याकाळी मला किती आनंद झाला, तो लिहून कळायचा नाही.

तर आता ऐक. तपकिरी फळीवर गडद हिरवी अक्षरं चालणार नाहीत. अक्षरांच्या टोकांना फुटवलेल्या त्या मुळ्या काढ. तळं खोल आहे, माणसं मुलाबाळांना घेऊन त्या वाटेने परततात. त्यांना वाट दिसली पाहिजे, तुझी हौस नव्हे. बुटका मात्र झकास जमलाय. लबाड दिसतो.

मला विचारलं असतंस, तर मी ओरडलो असतो. तरी विचारायला हवं होतंस.

बाबा


रेन, २९ जून

ती. आत्यास सा. न. वि. वि.

परवा शनिवारी मी लानवेनला होते. तू आली नाहीस. का ते समजतं. दुपारभर मी तळ्याकडची पाटी होती त्या झाडापाशी एकेक कागद धरून उभी, आणि बाबा सात पावलांवर. अकरा कागदांना नाही म्हणाले, एकदा तर मला हे शिकवलं तरी कुणी असंही म्हणाले. बारावा धरला. साधी, जाड अक्षरं, सायीच्या रंगाची, काळ्या जमिनीवर. त्यांनी मोठ्याने वाचलं, तळं, डावीकडे. तीच आज छापखान्याला दिली.

डॉक्टरकडे गुरुवारी जायचं ठरलंय. गेलेली नजर बहुतेक परत येणार नाही, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक आहे. उरलेली राखता आली तर बघू म्हणाले.

परतताना रानातल्या दगडी पायऱ्यांपाशी ते थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, हात दे. आत्या, बाबांनी असं कधी कुणाला म्हटल्याचं तुला आठवतंय?

तुझ्याबद्दल मी काही बोलले नाही. पण निघताना त्यांनीच विचारलं, सोआझिगला खोकला आहे का अजून. हे पत्र मिळताच त्यांच्याकडे जा. दोघांचाही लोभ मला हवाय, अर्धा अर्धा नको.

तुझी अझिलिझ